एका टेबलावरच्या दोन तसबिरी

१ ऑगस्टला आमच्या शाळेत एका टेबलावर दोन तसबिरी असतात. लोकमान्यांची पुण्यतिथी, अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. मी रुजू झालो तेव्हा तसबीर एकच असायची. दुसरीसाठी चार वर्षं स्टाफरूममध्ये भांडलो. असो.

दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक दरवर्षीचंच. शेंगांच्या टरफलांची भाषणं किमान सात. पाचव्या मुलाने 'मी शेंगा खाल्ल्या नाहीत' म्हटलं की पुढचं वाक्य अख्खं सभागृहच म्हणतं.

एका वर्षी मात्र सहावीतली एक मुलगी उभी राहिली. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, माइक बंद पडलेला. ती ओरडूनच बोलली. १९२० साली मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात टिळक गेले, आणि त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात, तुकाराम जन्मला. तोच पुढे अण्णाभाऊ. तिकडे भर पावसात लाखो माणसं चौपाटीकडे निघालेली, इकडे एका झोपडीत तान्हं पोर. ते पोर शाळेत गेलं दीड दिवस. मग बापाबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबलं, लाल बावटा कलापथकात उभं राहिलं आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी छक्कड गायलं. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, राबणाऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. हे सांगताना पोरीने हात पुढे केला. तळहातावर शाईचा डाग होता. मी चष्मा पुसत बसलो.

बक्षीस तिला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांना पाठांतर लागतं.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर ८० अंगठे आले, खुर्चीवर ११ जण. पालक आपल्या लेकराचा फोटो काढून निघून जातात. त्या पोरीचं भाषण त्यांनी ऐकलंच नाही.

तसबिरी पुसणारे शिपाईमामा, हार उधारीवर देणाऱ्या फुलवाल्या ताई, पोहे करणाऱ्या खिचडीच्या मावशी, सतरंज्या देणारं शेजारचं गणपती मंडळ, फलकावर सुबक अक्षर काढणारे चित्रकलेचे सर, यांच्याशिवाय एकही वर्ष पार पडलं नसतं. कोणी राहिलं असेल तर रागावू नका.

राहिलेच की, वस्तीवरचे हलगीवाले दादा! मानधन त्यांनी कधी घेतलं नाही, चहा मात्र दोनदा.