पायांनी बास, आठवडा 6: मॅन-अर्गच्या 11 मात्रा

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आता खाली न बघता पाय पडतात. ते शब्द मागे घेतो. 'मॅन-अर्ग' या गाण्याच्या मधल्या तुकड्यात शिरलो आणि दोन्ही पाय पुन्हा बालवाडीत.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्लिश रॉक बँडचा 'रिअल टाइम' हा लाइव्ह अल्बम लावून, त्यांचा ऑर्गनवाला ह्यू बँटन पायाखालच्या पट्ट्यांवर (पेडलवर) वाजवतो तो बास शिकतोय. 6 मे 2005, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल. डबल सीडी आली 2007 मध्ये. हॅमिल (गायक), बँटन, इव्हान्स (ड्रम्स) आणि जॅक्सन (सॅक्सोफोन) हे चौघं 1976 नंतर पहिल्यांदाच अख्खा कार्यक्रम करायला एकत्र उभे राहिले होते. 1970 मध्ये बास वाजवणारा निक पॉटर अल्बमचं रेकॉर्डिंग अर्ध्यात असताना बँड सोडून गेला आणि मंचावरचा बास ऑर्गनवाल्याच्या पायांत आला.

गाणं मुळात 1971 च्या 'पॉन हार्ट्स'मधलं. मग तेच का नाही घेतलं, असं एकाने विचारलं होतं. स्टुडिओत बँटनने बास गिटारही वाजवलीय, त्यामुळे कुठला सूर पायाचा नि कुठला हाताचा हे ओळखता ओळखता मी वेडा झालो. मंचावर माणूस एकच, हात दोन, पाय दोन. जे ऐकू येतं ते त्याला जमलेलं असतं, म्हणजे तत्त्वतः मलाही जमायला हवं.

तर 11 मात्रा. आधी 6 आणि 5 असं तोडून मोजलं. तिसऱ्या आवर्तनात गाडी रुळावरून खाली. मग 4-4-3. तेही तोंडाने जमतं, पाय लागले की बोंब. शेवटी तबला वाजवणाऱ्या मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, "अकरा ना? आमच्यात रुद्र ताल आहे अकराचा. तू मात्रा मोजत बसू नकोस, आधी सम पकड." चार दिवस पेडलला पायच लावला नाही. नुसता इव्हान्स ऐकत मांडीवर समेची टाळी देत राहिलो. पाचव्या दिवशी वेग 60 टक्क्यांवर आणून फक्त समेचा सूर दाबला, बाकी काही नाही. तो दर वेळी जागेवर पडायला लागल्यावर मधले सूर एकेक करून भरले.

पेडलबोर्डाची रड वेगळीच. सेकंडहँड, 13 पट्ट्यांचा. विकणारा म्हणाला होता, "सगळं चालू आहे." फा एकदा दाबला की दोनदा वाजतो. उघडून कॉन्टॅक्ट पुसले, आता दहात एकदाच उचकी लागते.

पायात काय घालायचं हाही प्रश्न होता. मोज्यांनी घसरतं, अनवाणी पाय घामाने चिकटतो. माळ्यावरून लग्नातले चामडी तळाचे बूट काढले. टाचेवरून बोटांवर पाय आता लोण्यासारखा सरकतो. बायको दारात उभी राहून म्हणाली, "परत लग्न करतोयस का?"

एक गोष्ट मात्र सराव थांबवून ऐकावी लागली. देवदूत आणि खुनी एकाच माणसात राहतात, हे गाणं हॅमिलने विशीत लिहिलं. इथे तो 56 वर्षांचा आहे, दीड वर्षापूर्वीच हार्ट अटॅकमधून उठलेला. आवाज खरबरीत झालाय, पण सुरुवातीच्या शांत ओळी मला इथेच जास्त पटतात. जुने बँड पुन्हा जमले की बहुतेकदा पेन्शनची सोय वाटते. इथे ती वाटत नाही. आणि 'पटतात' म्हणेपर्यंत जॅक्सनचा सॅक्सोफोन अंगावर येतोच.

आजची स्थिती: 75 टक्के वेगाला सलग आठ आवर्तनं, फक्त पाय. डावा हात घेतला की दोन. खालच्या काकूंनी विचारलंय, सुतारकाम अजून किती दिवस आहे म्हणून.