लग्नाला बावीस दिवस

रक्तदान शिबिरानंतर एका तरुणाला रक्तपेढीचा फोन गेला: 'एकदा सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत जाऊन या.' आयसीटीसी म्हणजे आमचं एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्र. आजाराचं नाव फोनवर काढलं नाही, हे त्यांनी फार चांगलं केलं. रक्तपेढीतली चाचणी सक्तीची असते आणि असायलाच हवी, कारण ती पिशवी दुसऱ्याच्या अंगात जाणार असते.

आमच्याकडे मात्र समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय सुई टोचत नाहीत. नळीत रक्त घ्यायचं, सीरम वेगळं करायचं आणि वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी तीन किट एकापाठोपाठ एक लावायची. पहिलंच नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे लागणीची खूण न दाखवणारं, आलं तर तिथेच थांबायचं. तिन्ही रिॲक्टिव्ह असतील तरच पॉझिटिव्ह लिहायचं. पहिली दोन रिॲक्टिव्ह आणि तिसरं नाही, तर निकाल अनिश्चित. १४ ते २८ दिवसांनी पुन्हा रक्त. किटवर दिलेली वेळ उलटल्यावर वाचलेली रेघ फसवते, म्हणून आमचा तंत्रज्ञ घड्याळ लावून बसतो. खासगी लॅबमध्ये एका किटवर दोन रेघा दिसल्या की नातेवाइकांसमोर निकाल सांगून मोकळे होतात. तशी मोडलेली माणसं नंतर आमच्याकडे येतात, तेव्हा संताप होतो.

याची तिन्ही रिॲक्टिव्ह आली. निकाल ऐकून त्याने एकच विचारलं, "मॅडम, बावीस दिवसांनी लग्न आहे. तोवर गोळ्यांनी जाईल ना?"

जात नाही. टीएलडी या एचआयव्हीवरच्या औषधाची रोज एक गोळी, जन्मभर. ती न चुकता घेतली आणि रक्तात विषाणू सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर जोडीदाराला संबंधांतून लागण होत नाही. पण पहिला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी चाचणी, सहा महिन्यांनी होतो. बावीस दिवसांत खात्री देणारा कुठलाच कागद हाती येत नाही.

चार बैठका झाल्या. मुलीला घेऊन या, तिघं बसून सांगू. नाहीतर लग्न पुढे ढकला. त्याचं उत्तर ठरलेलं: बस्ता झाला, पत्रिका वाटून झाल्या.

पाचव्या दिवशी मुलीचे मामा दारात. 'पोराचा रिपोर्ट दाखवा.' तो इथे येतो की नाही, एवढंही मी सांगू शकत नव्हते. "मग लग्नाआधी तपासणी सक्तीची का करत नाही?" ते चिडून म्हणाले.

सक्तीचा दाखला मागच्या काही आठवड्यांबद्दल काहीच सांगत नाही. ताजी लागण असेल तर चाचणी तीन महिन्यांपर्यंत निगेटिव्ह येऊ शकते, आणि लग्नानंतरच्या लागणीवर तर तो दाखला आंधळाच. शिवाय सक्ती आली की दाखले विकत मिळू लागतील आणि आपणहून येणारी माणसं आमच्या दाराकडे फिरकणार नाहीत. हे सगळं मला पटलेलं आहे. तरी या एका मुलीपुरतं मामांचं बरोबर होतं.

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कलम ९ डॉक्टर आणि समुपदेशकाला जोडीदारास सांगण्याची मुभा देतं: जोडीदाराला खरा धोका हवा, रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समजावलेलं हवं, तो सांगणार नाही याची खात्री हवी, आपण सांगणार आहोत हे त्याला आधी कळवायला हवं, आणि मग समोरासमोर, समुपदेशन करूनच सांगायचं. पण जोडीदार म्हणजे नवरा-बायको किंवा तसं एकत्र राहणारे. साखरपुडा झालेली मुलगी त्यात बसत नाही. म्हणजे अक्षता पडल्या की मला तोंड उघडता येतं, त्याआधी नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका होता म्हणून, निकाल उघड करणाऱ्या रुग्णालयाला दोष दिला नव्हता. आता कायद्याने आमचे हात बांधले आहेत. कलम १० प्रमाणे खबरदारी घेण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, पण तो ती घेतो की नाही हे कळायला आमच्याकडे त्याच्या शब्दापलीकडे काही नाही.

लग्नाला नऊ दिवस असताना त्याने कावीळ झाल्याचं सांगून तारीख पुढे ढकलली. मुलीला खरं सांगितलेलं नाही. नवा मुहूर्त माघातला आहे. दर महिन्याला ठरल्या दिवशी गोळ्यांना येतो, मोजल्या तर एकही चुकलेली नसते. दर वेळी मी विचारते, तिला कधी आणताय? मागच्या खेपेला म्हणाला, दिवाळी होऊ द्या.