ऑक्टोबर ते पाडवा: आमच्या आकाशदर्शन गटाचा हंगाम

गच्चीवर दुर्बीण लावून चार शेजाऱ्यांना शनी दाखवणं वेगळं आणि वीस-बावीस जणांना रात्रभर काळोखात नेऊन सकाळी सुखरूप घरी आणणं वेगळं. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या सहा महिन्यांत आमचा साताऱ्याचा गट हे दुसरं काम शिकला. तुमच्या गावात असा गट असेल किंवा निघत असेल तर उपयोग होईल म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवतो आहे.

आधी आमच्याकडे काय आहे ते सांगतो. एक आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), एक सहा इंची (तिचा आरसा आमच्यातल्या एका काकांनी स्वतः घासलेला), १०×५० च्या तीन द्विनेत्री आणि एक जुनी लेन्सची दुर्बीण. माणसं सगळ्या वयांची. बँकेतून निवृत्त झालेले काका, दोन शिक्षिका, एक रिक्षावाले दादा, कॉलेजची पोरं आणि दोन आठवीतल्या मुली. या मुली आमच्यापेक्षा लवकर नक्षत्रं ओळखतात.

जागेचा शोध

साताऱ्याच्या माणसाला काळोख म्हटलं की आधी पश्चिमेचं पठार आठवतं. आम्हीही आधी तिकडेच धावलो. ऑक्टोबरच्या शेवटी कासच्या बाजूला एक रात्र काढली. नऊ वाजेपर्यंत आकाश सुंदर होतं, मग दव पडायला लागलं. साडेदहाला फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आंधळा झाला, अकराला आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, धुकं जमलं आणि मग दरीतून खरंखुरं धुकं वर आलं. पुढच्या खेपेला चाळकेवाडीचं पठार बघितलं. दव कमी होतं, पण वारा असा की १५० पट वर्धनाला गुरू नुसता थरथरत होता. वारा नसता तर तिथे पवनचक्क्या उभ्याच राहिल्या नसत्या, हे आम्हाला घरी बसूनच कळायला हवं होतं.

मग उलट्या दिशेला, पूर्वेला गेलो. माण-खटाव हा पर्जन्यछायेतला दुष्काळी मुलूख आहे. ज्या कोरड्या हवेने तिथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या रडवलं, तीच हवा दुर्बिणीला मानवते. दव नावापुरतं, धुकं क्वचित, क्षितिज चारी बाजूंनी मोकळं आणि शहराचा उजेड लांब पश्चिमेला. दहिवडीच्या पुढे एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. मोठं मैदान, कुंपण, हातपंप, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दार लागणारी, पाणी असलेली दोन स्वच्छतागृहं. हा शेवटचा मुद्दा आमच्या दोन्ही शिक्षिकांनी पहिल्याच बैठकीत यादीत सर्वात वर लिहिला होता, आणि त्यांचंच बरोबर होतं. कासला बायका-मुली दोनच आल्या होत्या. वाडीला पहिल्याच खेपेला नऊ आल्या. साताऱ्याहून पावणेदोन तासांचा रस्ता आहे, तरीही.

अमावस्येची रात्र

वाडीतला पहिला कार्यक्रम शनिवार, ३० नोव्हेंबरचा. अमावस्या रविवारी दुपारी संपणार होती, म्हणजे शनिवारची रात्र पूर्ण काळी. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली होती, सरपंचांना फोन केला होता, पोलीस पाटलांना पत्र दिलं होतं. कागदोपत्री सगळं ठीक होतं.

आम्ही बॅटऱ्यांना लाल जिलेटीन कागद लावले, म्हणजे काळोखाला सरावलेली नजर बिघडत नाही. मैदानात लाल उजेड फिरायला लागला. मधूनच कुणीतरी हिरवा लेझर आकाशात रोखून देवयानी दाखवत होतं. साडेआठच्या सुमाराला कुंपणाशी दहा-बारा माणसं जमली. पुढे एक सत्तरीच्या आजी होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "अवसेच्या रातीला शाळंत लाल दिवं लावून काय करताय तुम्ही?"

आम्ही कुणीच हा विचार केला नव्हता. अमावस्येची रात्र, पोरांची शाळा, लाल दिवे, अनोळखी माणसं. त्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांत त्या पावसाळ्यात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या सगळीकडे पोचलेल्या, आणि आमचा हिरवा किरण आभाळात फिरतोय. आमच्या काकांनी झटकन दुर्बीण कृत्तिकांवर लावली, खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "आजी, आधी तुम्ही बघा, मग आम्ही सांगतो."

आजींनी डोळा लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्या तर लई हायत्या की." पुढचा अर्धा तास त्याच आम्हाला सांगत होत्या. मृगाचे तीन तारे म्हणजे तिकांडं. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती पळवायला आलेले तीन चोर. लहानपणी वडिलांबरोबर रात्री मोटेवर जायचं तेव्हा तिकांडं कुठे आलं त्यावरून किती रात्र उरली ते कळायचं. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. आमच्या आठवीतल्या मुलींनी त्या रात्रीपासून सप्तर्षींना बाज म्हणायला सुरुवात केली आहे.

तेव्हापासून नियम केला की पहिला दीड तास गावाचा. शुक्रवारी शाळेच्या फळ्यावर सूचना लागते आणि शाळेतली मुलं ती घरी सांगतात. लेझर एकाच माणसाच्या हातात. गाव झोपायला गेलं की मग आमच्या नोंदी सुरू. याने आमचा वेळ जातो, हे खरं. पण शाळेच्या फाटकासमोरच्या खांबावर एक पांढरा एलईडी आहे आणि आमच्या आकाशाचा अर्धा भाग तो एकटा खातो. तो बंद करा म्हणून आम्ही आधी दोनदा विनंती केली होती. गावाने दुर्बिणीतून बघितल्यावर पुढच्या खेपेला ग्रामपंचायतीच्या शिपायाने सांगायच्या आधीच येऊन बटण बंद केलं, आणि पहाटे स्वतः येऊन परत लावलं.

तारखांचं गणित

गटाची सगळ्यात जास्त भांडणं तारखांवरून झाली. तेव्हा हे जरा सविस्तर लिहितो.

आकाशाला अमावस्या हवी, माणसांना शनिवार हवा. अमावस्येच्या आधीचा शनिवार घेतला तर चंद्र पहाटे उगवतो आणि रात्र जवळजवळ पूर्ण मिळते. नंतरचा घेतला तर संध्याकाळी कोर असते, ती दोन-तीन तासांत मावळते. लहान मुलं येणार असतील तर नंतरचा चांगला, कारण कोरीवरचे खड्डे बघून मुलं वेडी होतात. नोंदी करायच्या असतील तर आधीचा. एवढं समजलं तरी वर्षाचा तक्ता अर्धा तयार होतो. बाकीचा अर्धा भिंतीवरच्या कॅलेंडरवरून भरायचा. दिवाळीची अमावस्या कधीच मिळत नाही, कारण घरची पूजा आणि फटाक्यांचा धूर. डिसेंबरमध्ये २८ तारीख धरली होती, ढग आले, दुपारी तीनला रद्द केली. (रद्द करायची वेळ आधीच ठरवून ठेवा. आमची तीनची आहे. तोवर निर्णय नाही झाला तर लोक डबे भरून बसतात.) २५ जानेवारी मिळाली नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मैदानावर झेंडावंदन. मुलांनी आखलेल्या फक्कीच्या रेघांवर आमच्या गाड्या कशा नेणार?

म्हणून १ फेब्रुवारी घेतली, आणि ती रात्र गावासाठी हंगामातली सर्वात चांगली ठरली. पश्चिमेला चंद्राची कोर आणि तिच्या शेजारी झळझळीत शुक्र, खाली शनी, डोक्यावर रोहिणीजवळ गुरू, पूर्वेला पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ मंगळ. दुर्बिणीतून शुक्रही कोरीसारखाच दिसत होता. शनीची कडी त्या वर्षी आपल्याला जवळजवळ आडवी दिसत होती, नुसती सुईसारखी रेघ. चित्रातली रुंद कडी शोधणारी मुलं आधी हिरमुसली, मग काकांनी भाकरी हातात धरून तिची कड त्यांच्या डोळ्यांसमोर आणली तेव्हा त्यांना उमगलं. रांग साडेनऊपर्यंत हलली नाही.

खर्चाचं थोडक्यात. माणशी दोनशे रुपये, त्यात गाडीचं डिझेल आणि वाडीतल्या एका वहिनींकडचं पिठलं-भाकरी-ठेचा. शाळकरी मुलांना पैसे नाहीत. चहा थर्मासमध्ये आपापला.

मेसिए मॅरेथॉन

हंगामाचा शेवट मॅरेथॉनने करायचा असं पहिल्यापासून होतं. शार्ल मेसिए या फ्रेंच धूमकेतू-शोधकाच्या यादीतले ११० पदार्थ, म्हणजे तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका, एका रात्रीत बघायचे. हे मार्चच्या आसपासच जमतं. तारखा दोन समोर होत्या, १ मार्च आणि २९ मार्च. दोन्ही शनिवार, दोन्ही काळोख्या. १ मार्चला दहावी-बारावीच्या परीक्षा चालू, म्हणजे शाळाही नाही आणि निम्मी पोरंही नाहीत. २९ ला अमावस्या दुपारी साडेचारला संपत होती, पण दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. घरी सकाळी गुढी कोण उभारणार यावरून चार जणांनी नाव मागे घेतलं. बाकीच्यांनी २९ ठरवली.

इथे एक चूक झाली आणि ती माझी होती. कुठला पदार्थ कधी बघायचा त्या क्रमाची यादी मी परदेशी निरीक्षकांनी केलेली घेतली. ती ४० अंश अक्षांशाच्या आसपासच्यांसाठी असते. आपण १७-१८ अंशांवर. उत्तरेकडचे पदार्थ आपल्याकडे लवकर मावळतात, दक्षिणेकडचे लवकर उगवतात. २९ मार्चला सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळला आणि पूर्ण काळोख व्हायला आठ वाजले. देवयानी दीर्घिका (मेसिएच्या यादीत एम ३१) आठलाच क्षितिजाला टेकते! यादीत ती तिसऱ्या क्रमांकावर होती. मी आठ इंची घेऊन पश्चिमेच्या धुळकट क्षितिजावर वीस मिनिटं झटलो. एम ३१ आणि तिच्या दोन सोबतिणी गेल्या, एम ३३ गेली, एम ७४ आणि एम ७७ गेल्या. सुरुवातीलाच सहा वजा. उलट एम ३०, जो तिकडच्या लोकांना पहाटे रडवतो, तो आपल्याकडे सव्वाचारला उगवला आणि तांबडं फुटायच्या आधी आरामात दिसला. पुढच्या वर्षी आपल्या अक्षांशाचा क्रम आम्ही स्वतः करणार आहोत. महाराष्ट्रात कुठेही मॅरेथॉन करणार असाल तर मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमावस्या येते का ते आधी बघा.

साडेआठनंतर लय सापडली. एक वाचणार, एक शोधणार, एक लिहिणार, दर तासाला पाळी बदलायची. मृग, मिथुन, पुष्यातला तारकागुच्छ, सिंहातली तिकडी. कन्या आणि अरुंधती केशाच्या मधल्या दीर्घिकांच्या गर्दीत साडेदहा ते बारा अडकलो. तिथे सगळंच फिकट आणि एकसारखं, त्यामुळे कुठली एम ८४ आणि कुठली एम ८६ यावर दोन गट पडले. ज्या दीर्घिकांची खात्री झाली नाही त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली नाही. साडेअकराच्या सुमाराला ज्येष्ठा वर आली आणि थंडी वाजायला लागली.

दीडला सगळ्यांना थांबवलं. यादीत नसलेला एक पदार्थ बघायचा होता. दक्षिणेला नरतुरंगात ओमेगा सेंटॉरी हा गोल तारकागुच्छ तेव्हा सर्वात वर असतो, आपल्याकडून क्षितिजापासून साधारण पंचवीस अंश. मेसिएच्या यादीत तो नाही, कारण पॅरिसहून तो उगवतच नाही. आठ इंचीत नजर टाकली की आधी राखाडी गोळा, मग डोळा स्थिर झाला की त्याचे कण सुटे होतात, ज्वारीचं पीठ काळ्या कापडावर सांडावं तसे. आठवीतल्या दोघींपैकी एक बराच वेळ खुर्चीवरून उठेना. मागे रांग होती, पण कुणी तिला उठवलं नाही.

पहाटे सव्वापाचला शेवटची खूण केली. ११० पैकी ९६. सहा पश्चिमेला गेलेले, बाकीचे आठ म्हणजे कन्येतले खात्री न झालेले आणि ययातीतला एम ७६, जो दोघांना दिसला पण तिसऱ्याला नाही.

सामान बांधेपर्यंत उजाडलं. नोव्हेंबरच्या त्या आजी फाटकाशी उभ्या होत्या. आज घरी जायला उशीर होणार, मग गुढी इथंच बघून जावा, म्हणाल्या. त्यांच्या दारात वेळूला रेशमी खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेच्या गाठी आणि वर तांब्याचा गडू. आम्ही सोळा जण रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी ओळीने उभे राहिलो आणि कडुलिंब-गूळ खाल्ला.

हे लिहिताना ठरलेल्या पुढच्या तारखा: २६ एप्रिल २०२५, वाडी, फक्त वृश्चिक आणि धनु, माणसं जास्तीत जास्त पंचवीस. मग १० मे, शनिवार, दिवसाचा कार्यक्रम साताऱ्यात. त्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते. मैदान, एक उभी काठी आणि ओळंबा एवढंच लागणार होतं. ओळंबा रिक्षावाले दादा आणणार होते, काठी तोवर कुणी घेतलेली नव्हती.