पीटीएफई पावडरच्या टिकल्या: थंडीतल्या आणि उबेतल्या

पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन, त्याची पावडर साच्यात दाबून मी छोट्या चकत्या म्हणजे टिकल्या बनवतोय. त्या नेमक्या तडकतात कधी, हे आता खात्रीने सांगता येईल, दाब देताना नाही, सोडताना. सेटअप साधा, बॉटल जॅकची (हायड्रॉलिक जॅकची) प्रेस, २० मिमी व्यासाचा डाय म्हणजे साचा, दाब २५ मेगापास्कल म्हणजे पंचावर (साच्यात उतरणाऱ्या दांड्यावर) साधारण ८०० किलो. दाब चढतो तसे कण चेपतात, एकमेकांत अडकतात, पण एकजीव होत नाहीत, ते ३६०-३८० अंशाला सिंटर केल्यावरच, म्हणजे तापवून कण जोडल्यावरच होतं (आणि ते घरी अजिबात करू नका, जास्त तापलं तर विषारी धूर निघतो). त्यामुळे जॅकचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की कण परत फुगतात, कोंडलेली हवा वाट शोधते आणि वरचा थर टोपीसारखा सुटून येतो. व्हॉल्व्ह अगदी हळू सोडा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

यावेळी लक्ष तापमानावर होतं. पीटीएफईची स्फटिकरचना १९ अंशाच्या आसपास बदलते, त्याखाली पावडर ताठ राहते, नीट चेपत नाही. नाशिकला जानेवारीत पहाटे शेडमध्ये पारा त्याच्या बराच खाली असतो, म्हणून मुद्दाम अर्धी पावडर शेडमध्येच ठेवली आणि अर्धी रात्रभर घरात २४-२५ अंशाला. फरक बघून खरंच आनंद झाला! थंड टिकलीच्या कडा बोटाने भुगा होतात, आणि ती उभी धरून व्यासावर दाबली की सरळ मधून दोन तुकडे. उबेतली आधी जिथे दाब लागतो त्या दोन्ही टोकांपाशी चपटी होते, मग सावकाश फाटते.

ही व्यासावर दाबायची टेस्ट मूळची काँक्रीटची, ब्राझीलच्या कार्नेरोची, १९४३ची. ताणबळ = २P/πDt (P म्हणजे तुटतानाचा लोड, D व्यास, t जाडी). पण हे सूत्र चीर मधून सुटते असं धरून चालतं, त्यामुळे टिकली चपटी झाली की आलेल्या आकड्यावर माझा भरवसा नाही, उबेतल्यांचा मी फक्त चपट्या व्हायला लागतात तेव्हाचा लोड लिहून ठेवतोय.

आणि हीच टिकली आडवी ठेवून दाबली तर तुटतच नाही, पोट बाहेर येतं आणि कडेला उभ्या चिरा पडतात, कारण चेपणं तिला झेपतं, ताण झेपत नाही. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच.

खालची बाजू अजून भुसभुशीत येतेय, डायच्या भिंतीचं घर्षण दाब खातं. आता डाय स्प्रिंगवर तरंगता ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून बघणार, कोणी केलं असेल तर स्प्रिंग किती कडक घेतली ते सांगा.