तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या टेबलासाठी रुबिडियम घेऊ का?

घरी फ्रिक्वेन्सी मोजणारा काउंटर, सिग्नल जनरेटर, एखादा जुना स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर जमवलेले बरेच जण मला हा प्रश्न विचारतात. त्यात हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले असतात, इंजिनिअरिंगची मुलं असतात, निवृत्तीनंतर पुन्हा सोल्डरिंग आयर्न हातात घेतलेले काकाही असतात. सगळ्या उपकरणांना एकच १० मेगाहर्ट्झचा संदर्भ, म्हणजे सगळ्यांनी ज्याच्याशी जुळवून घ्यायचं असा नेमका ठोका, द्यायचा असतो, आणि जुन्या टेलिकॉम सामानात रुबिडियमचा डबा परवडणाऱ्या किमतीत दिसलेला असतो. अणुघड्याळ आपल्या टेबलावर! मोह होणारच. तरी माझं उत्तर आहे, नको. पैसे चांगल्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर घाला, आणि त्याला जीपीएसची शिस्त लावा.

आधी हे बघा, की एवढा नेमका संदर्भ तुम्हाला लागतोय कशाला. साध्या काउंटरमधला क्रिस्टल दशलक्षात ५ भाग चुकला, तर १४५ मेगाहर्ट्झवर ७२५ हर्ट्झची चूक दिसेल. एफएमवर रिपीटरमधून (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्रातून) बोलणाऱ्याला ती जाणवणारसुद्धा नाही. पण हल्ली हा प्रश्न जिथून सर्वांत जास्त येतो, तो क्यूओ-१०० बघा. कतारच्या एस्हेल-२ उपग्रहावरचा हा हौशी रेडिओवाल्यांचा ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेले सिग्नल परत खाली पाठवणारा रेडिओ. उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये वर गेला, २५.९ अंश पूर्वेला उभा आहे, आणि महाराष्ट्रातून पश्चिमेच्या आकाशात चांगला दिसतो. तो १०,४८९.५ ते १०,४९० मेगाहर्ट्झवर ऐकायचा, आणि ऐकायला डिशवर टीव्हीचाच एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसवून सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा डबा, चालतो. त्या एलएनबीत २५ मेगाहर्ट्झचा छोटा क्रिस्टल असतो, आणि पीएलएल (एका ठोक्याला दुसरा बांधून ठेवणारं सर्किट) त्याला ३९०नं गुणून ९,७५० मेगाहर्ट्झ तयार करतो. क्रिस्टल २५ हर्ट्झनं सरकला, म्हणजे दशलक्षात फक्त एक भाग, की गुणाकारानंतर ९,७५० हर्ट्झ सरकतात. एसएसबी या बोलायच्या पद्धतीतला एक आवाज जेमतेम २,७०० हर्ट्झ जागा घेतो. तुम्ही ज्यांना ऐकत होतात ते तीन-चार घरं ओलांडून पलीकडे गेलेले असतात. गच्चीवर दुपारी तापलेला एलएनबी उन्हं उतरल्यावर निवायला लागला, की वॉटरफॉलवरचे, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावरचे, सगळे सिग्नल एकदम एका बाजूला कलंडताना दिसतात. इथे चांगल्या संदर्भाला पर्याय नाही. तो छोटा क्रिस्टल काढून त्याच्या जागी बाहेरून २५ मेगाहर्ट्झ द्यावे लागतात, आणि ते तुमच्या १० मेगाहर्ट्झला बांधलेले हवेत.

आता क्रिस्टलबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. क्वार्ट्झ कोणत्या कोनात कापलाय त्यावर तापमानाशी त्याचं वागणं ठरतं. चांगल्या ओसीएक्सओत, म्हणजे भट्टीत ठेवलेल्या क्रिस्टलच्या ऑसिलेटरमध्ये, बहुतेक एससी नावाचा कट असतो. ८०-९० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा एक बिंदू असा येतो, की तिथे तापमान किंचित हललं तरी फ्रिक्वेन्सी जवळपास हलत नाही. म्हणून त्याला छोट्या भट्टीत बरोबर त्या बिंदूवर धरून ठेवतात. एचपीचा १०८११ हा या जातीतला नावाजलेला. पुरेसा तापून स्थिरावल्यावर त्याचं सरकणं दिवसाला अब्जात अर्ध्या भागाच्या आत, म्हणजे १० मेगाहर्ट्झवर ०.००५ हर्ट्झ. जुन्या काउंटरमधून आणि मोबाइल टॉवरच्या सामानातून निघालेले असे ओसीएक्सओ आजही मिळतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास नशिबानं हाती लागला तर उत्तम, नाहीतर बाहेरून मागवावा लागतो.

या क्रिस्टलला दोन गोष्टी आवडत नाहीत. एक म्हणजे बंद होणं. बंद करून पुन्हा चालू केला की तो आधीच्या जागी नेमका परत येत नाही, आणि त्याचं म्हातारपणाचं सरकणं पुन्हा शांत व्हायला कित्येक दिवस जातात. दुसरी म्हणजे हलवाहलव. चालू ओसीएक्सओ हातात घेऊन उलटा करा, काउंटरवर अब्जात काही भागांचा फरक लगेच दिसेल, कारण गुरुत्वाकर्षणाचा ताण स्फटिकाच्या चकतीवर उलट्या बाजूनं येतो. म्हणून त्याला एका जागी बसवा, पंख्याच्या झोतापासून लांब ठेवा आणि चोवीस तास चालू ठेवा. आपल्याकडे चोवीस तास म्हटलं की विजेचा प्रश्न येतोच. मी १२ व्होल्टची बॅटरी चार्जरवर फ्लोट ठेवून तिच्यावरूनच ओसीएक्सओ चालवायला सांगतो. वीज गेली, आली, इन्व्हर्टरनं बदली केली, तरी क्रिस्टलला त्याचा पत्ता लागत नाही. हा खर्च टाळू नका.

मग जीपीएस कशाला? तर हळूहळू होणारं ते सरकणं पकडायला. रिसीव्हर दर सेकंदाला एक ठोका देतो. साध्या मॉड्यूलचा तो ठोका साधारण ३० नॅनोसेकंद मागेपुढे होत असतो. एका सेकंदात ३० नॅनोसेकंद म्हणजे अब्जात ३० भाग. हे तर बऱ्या ओसीएक्सओपेक्षा कितीतरी वाईट. पण तेच ३० नॅनोसेकंद हजार सेकंदांवर पसरले की अब्जात ०.०३ भाग उरतात, आणि पुढे जितकं थांबाल तितका आकडा आणखी खाली येतो. थोड्या वेळापुरता क्रिस्टल खरा, लांबच्या पल्ल्यात उपग्रह खरा. जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसच्या शिस्तीत चालणारा ऑसिलेटर, या दोघांना जोडतो. क्रिस्टलला शेकडो सेकंद आपल्या मनानं चालू देतो आणि मग हलक्या हातानं वळवतो. त्यात क्रिस्टल हलक्या दर्जाचा असेल तर एवढा वेळ त्याच्या भरवशावर राहताच येत नाही, वळवणाऱ्या सर्किटला, म्हणजे लूपला, घाईनं दुरुस्त्या कराव्या लागतात आणि उपग्रहाच्या ठोक्यातली थरथर थेट तुमच्या १० मेगाहर्ट्झमध्ये उतरते. म्हणून तयार जीपीएसडीओ घेताना डब्याच्या चकचकीत पॅनलपेक्षा आत कोणता ओसीएक्सओ आहे ते आधी विचारा.

काही जण क्रिस्टल गाळूनच टाकतात आणि यू-ब्लॉक्स कंपनीच्या जीपीएस मॉड्यूलकडून थेट १० मेगाहर्ट्झ काढतात. त्या मॉड्यूलचं आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं आहे. ४८ला १०नं पूर्ण भाग जात नाही, मग ते चार वेळा पाच ठोक्यांचं अंतर घेतं आणि एकदा चार ठोक्यांचं. सरासरी चोख, पण स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघाल तर लाटेच्या कडा नाचत असतात. त्याच मॉड्यूलकडे ८ मेगाहर्ट्झ मागितले तर सहानं भाग पूर्ण जातो आणि कडा बऱ्याच शांत होतात. तरी काउंटरच्या पलीकडे, विशेषतः गुणाकार करून गिगाहर्ट्झला जायचं असेल तिथे, हे चालणार नाही.

जुना ट्रिम्बल कंपनीचा थंडरबोल्ट हा जीपीएसडीओ मिळत असेल तर त्याची तारीख चुकीची दिसते म्हणून सोडू नका. जीपीएसचे आठवडे १०२४ झाले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते; त्यात ती ३० जुलै २०१७ला उलटली आणि तारीख थेट १९९७ मध्ये गेली. त्याच्या १० मेगाहर्ट्झला काहीही झालेलं नाही. फक्त अँटेना एकदा बसवली की जागेवरून हलवू नका. असे टायमिंगचे रिसीव्हर आधी आपली जागा हजारो मोजणींवरून पक्की करतात आणि मग ती गृहीत धरून फक्त वेळ काढतात. बाल्कनीतून अर्धंच आकाश दिसत असेल तरी अशा रिसीव्हरचं काम भागतं. आपला प्रदेश विषुववृत्ताच्या पुरेसा जवळ असल्यानं मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास, सूर्यावर डाग वाढलेले असतील त्या वर्षांत, सूर्यास्तानंतर आयनावरणामुळे उपग्रहांचे सिग्नल थरथरतात. ती वेळ चांगला क्रिस्टल निभावून नेतो.

आता रुबिडियम. त्याच्या पोटात रुबिडियमचा दिवा असतो, त्याचा प्रकाश रुबिडियमच्याच वाफेच्या कुपीतून जातो, आणि ६,८३४.६८ मेगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह नेमके जुळले की पलीकडे पोचणारा प्रकाश किंचित मंदावतो. त्या खुणेवर एक क्वार्ट्झ क्रिस्टल धरून ठेवलेला असतो आणि तुम्हाला मिळणारे १० मेगाहर्ट्झ त्या क्रिस्टलकडूनच येतात. म्हणजे इथेही क्रिस्टल आलाच, आणि स्वस्त टेलिकॉम डब्यांत तो बहुधा साधा असतो. सेकंदाच्या आतली स्थिरता मग चांगल्या ओसीएक्सओपेक्षा कमी पडते. शिवाय कुपीत जो दुसरा वायू भरतात त्यामुळे अणूची मूळ फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, म्हणून प्रत्येक डबा कारखान्यात जुळवावा लागतो. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियमवर आहे, ९,१९२,६३१,७७० आवर्तनांची. रुबिडियमला ती दुसऱ्याकडून घ्यावी लागते. वर्षानुवर्षं टॉवरवर राबून आलेला डबा किती सरकलाय ते बघायला शेवटी जीपीएसच लागतं. वर दिवा झिजलेला, डबा तापणारा, हीटसिंकशिवाय न चालणारा.

रुबिडियमबद्दल मला मनापासून आदर आहे. इस्रोच्या आयआरएनएसएस-१ए उपग्रहावरची बाहेरून आणलेली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. पुढे २९ मे २०२३ला गेलेल्या एनव्हीएस-०१वर आपल्या देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसलं, त्याचा आनंद मला अजून आहे. उपग्रहावर, आकाश न दिसणाऱ्या तळघरात, गाडीतून फिरवायच्या उपकरणात त्याची जागा आहेच. बाल्कनी असलेल्या घरात मात्र त्याच पैशात उत्तम ओसीएक्सओ, टायमिंग रिसीव्हर आणि बॅटरी असं सगळं बसतं.

संदर्भ तयार झाला की तो वाटायचा कसा, हेही लोक विचारतात. टी-जोड लावून एकाच केबलवर चार उपकरणं टांगू नका. प्रत्येकाला वेगळा बफर (मधला छोटा अ‍ॅम्प्लिफायर), ५० ओहमची केबल, आणि जमलं तर छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर द्या, नाहीतर अर्थच्या चकरेतून घरच्या विजेचे ५० हर्ट्झ शिरतात. आणि उपकरणानं बाहेरचा संदर्भ खरंच घेतलाय का, ते त्याच्या पॅनलवर बघा. काहींना ते मेनूतून सांगावं लागतं.

दोन संदर्भ एकमेकांशी ताडायला महाग काही लागत नाही. स्कोपच्या एका चॅनेलला जीपीएसडीओ द्या, ट्रिगरही त्याच्यावरच. दुसऱ्या चॅनेलला तुमचा ओसीएक्सओ. दुसरी लाट पडद्यावर हळूहळू सरकत राहील. १० मेगाहर्ट्झचं एक आवर्तन १०० नॅनोसेकंदांचं. ते पूर्ण सरकायला १०० सेकंद लागले तर फरक अब्जात एक. ओसीएक्सओची फ्रिक्वेन्सी जुळवायचा मल्टिटर्न पॉट (अनेक फेरे घेणारा बारीक स्क्रू) हलकेच फिरवा, लाट थबकते, मग उलटी निघते. हजार सेकंद लागेपर्यंत आणता आलं की तुम्ही दहा अब्जांत एकवर, म्हणजे अब्जात ०.१ भागावर आलात.

ज्या मुलांकडे यातल्या कशालाच पैसे नाहीत, त्यांच्यासाठी शॉर्टवेव्ह आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए हे केंद्र एकेकाळी १० मेगाहर्ट्झवर ऐकू यायचं. आता त्याच फ्रिक्वेन्सीवर चीनचं बीपीएम हे वेळेचे ठोके देणारं केंद्र संध्याकाळनंतर बरेचदा मिळतं. आपल्या क्रिस्टलचा १० मेगाहर्ट्झ रिसीव्हरच्या अँटेनापाशी किंचित सोडा आणि दोघांतला ठेका ऐका. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एक हर्ट्झचा फरक. आयनावरण वरखाली होत असल्यानं एका हर्ट्झच्या फार खाली भरवसा धरू नका. तरी हे एक कोटीत एक भाग झालं, आणि साध्या काउंटरला तेवढं पुष्कळ आहे.