टाकी लहान नव्हतीच

आमच्या बेळगावच्या सोसायटीचा सांडपाण्याचा प्लँट १४ वर्षांचा. मिरग निघाला की तिथलं काळपट पाणी नाल्याला आणि खालच्या भातशेतकऱ्याच्या शिव्या आम्हाला. शिव्या रास्तच होत्या.

प्रदूषण मंडळाची नोटीस कन्नडमध्ये. तळमजल्यावरच्या अक्कांनी वाचून दाखवली: बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवा, आमचा ४६. मी सेक्रेटरी, म्हणजे फाईल माझ्या गळ्यात.

दोन ठेकेदार आले. दोघांचंही एकच, टाकी लहान पडते, नवी बांधा. आकडा ऐकून मीटिंगमधून अर्धी माणसं उठून गेली. घरी येऊन मी हिशेब मांडला. ६० घरं, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर. दिवसाला ४० हजार लिटर. टाकी तेवढ्याचीच आहे. मग लहान कशी?

प्लँट बघणारे मामा म्हणाले, "सर, उन्हाळ्यात पाणी बरं असतंय, खरं पावसातच का बिघडतंय ते बघा की."

पावसाचं पाणी कुठं जातंय ते बघायला रंगपंचमीचा उरलेला लाल रंग बादलीत कालवून आम्ही गच्चीच्या पाइपात ओतला. पाच मिनिटांत ड्रेनेजचं चेंबर लाल! बिल्डरनं पावसाचे पाइप तिथंच जोडलेले. आमची गच्ची ८०० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस झाला की तिच्यावरूनच ४० हजार लिटर येणार. म्हणजे टाकीत दुप्पट पाणी, आणि मैला खाणारे जिवाणू धुऊन नाल्यात. १४ वर्षं आम्ही त्यांना दर पावसाळ्यात हाकलत होतो.

ते पाइप तोडून शोषखड्ड्याकडे वळवले. एप्रिलमध्ये टाकी उपसली, तर जिवाणूंसाठी पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या तळाच्या डिफ्युझरांचे रबर फाटलेले. हवा एकाच कोपऱ्यात भसाभस. सगळे बदलले. ते आठ दिवस मैला टँकरनं बाहेर, त्या वासाबद्दल न बोललेलं बरं.

मग दुसऱ्या एका सोसायटीच्या चालू प्लँटमधला जिवाणूंनी भरलेला गाळ आणून विरजण लावल्यासारखा टाकीत सोडला. रोज सकाळी मामा एक लिटरच्या बरणीत टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास ठेवायचे. पहिल्या दिवशी गाळ ८० मिलिलिटरवर बसला, तीन आठवड्यांनी २८० वर, म्हणजे जिवाणू वाढले, आणि वरचं पाणी नितळ. जुलैतल्या नमुन्याचा बीओडी ९ आला.

वीज वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवायची जुनी सवयही मोडली. हवा नसली तर जिवाणू मंदावतात, फार वेळ नसली तर मरतात. बिल मात्र वाढलंय. पुढच्या मीटिंगला त्यावरून भांडण ठरलेलंच आहे.