वॉकरचं वय आणि मामाचा पेला

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न साधारण ठरलेला असतो : "नॉर्मन वॉकर कच्चं खाऊन आणि भाज्यांचे रस पिऊन ११९ वर्षं जगला. मग तुम्ही आहारतज्ज्ञ असून पालकाच्या रसाला नको का म्हणता?" लग्नात जेवायला बसल्यावर विचारतात, सकाळी फिरायला गेलं की विचारतात, आणि माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांत तर आठवड्याला एकजण तरी विचारतोच. दर वेळी उभ्याउभ्या अर्धंच उत्तर दिलं जातं. आज बसून पुरं देते.

आधी वयाचं. वॉकरचा जन्म ४ जानेवारी १८८६चा, इटलीतल्या जिनोआ शहरातला. तो गेला ६ जून १९८५ रोजी, अमेरिकेत, ॲरिझोनातल्या कॉटनवुड गावी. म्हणजे ९९ वर्षं आणि पाच महिने. ते कुठे १०९ झालं, कुठे ११६, कुठे ११९. मला या वाढवलेल्या आकड्यांचा राग येतो तो वॉकरच्या बाजूने. शंभरीला सात महिने राहिले असताना गेलेल्या माणसाला आणखी वीस वर्षं चिकटवायची काय गरज होती? आणि त्या वीस वर्षांपायीच लोक डोळे मिटून पेला तोंडाला लावतात.

वॉकर काही डॉक्टर नव्हता. ब्रिटिश, धंद्यातला माणूस. त्याची गोष्ट अशी सांगतात की तरुणपणी तो फार खचला होता आणि बरं होण्यासाठी फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याच्या घरी राहिला होता. स्वयंपाकघरात घरची बाई गाजरं सोलत होती. निघालेल्या सालीची आतली बाजू किती ओली आहे हे त्याच्या नजरेत भरलं. त्याने गाजरं बारीक करून पिळली आणि पहिला पेला प्यायला. पुढे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला, एका डॉक्टरबरोबर त्याने ताज्या रसांचं दुकान काढलं. कोणत्या तक्रारीला कोणते रस आणि ते किती प्रमाणात, याची कोष्टकं तयार केली. कच्च्या भाज्यांच्या रसांवरचं त्याचं पुस्तक १९३६ साली आलं आणि ते आजही छापलं जातं.

त्याचं यंत्र मात्र मला मनापासून आवडतं. त्याच्याच नावावरून त्याला नॉरवॉक म्हणतात. भाजी आधी बारीक दळायची, मग तो लगदा कापडात घालून प्रचंड दाबाखाली पिळायचा, अशी त्याची रीत. खरं-खोटं तुमच्याच ओट्यावर पाहा. हिवाळ्यातली लाल गाजरं घ्या, किसणीच्या बारीक बाजूने किसा आणि किस सुती पंचात घालून पिळा. पहिल्या पिळ्याला धार लागते. पंचा उघडून चोथा बोटांनी मोकळा करा आणि पुन्हा पिळा. कोरडा झाला असं वाटलेल्या चोथ्यातून पुन्हा रस येतो, या वेळी जास्त दाट, जास्त गडद. आधी नीट दळायचं आणि मग पिळायचं, हे वॉकरने बरोबर ओळखलं होतं. सालीच्या आतल्या ओलेपणाकडे इतकं निरखून पाहणाऱ्या माणसाला मी कधीच उडवून लावणार नाही.

आता मामाबद्दल सांगते, कारण माझं 'नको' तिथून आलं आहे.

माझा मामा निवृत्त झाल्यावर रसांकडे वळला. वॉकरच्या पुस्तकाची इंग्रजी प्रत त्याच्या उशाशी असायची. पेन्सिलीने रेघा ओढलेल्या, समासात तारखा टाकलेल्या. मी तेव्हा त्याच्याकडे राहायला होते. पोषणशास्त्राची पदवी घेऊन मला दोन वर्षं झाली होती. रोज पहाटे दोन जुड्या पालक धुऊन, वाटून, गाळून हिरवागार पेला त्याच्या हातात मीच द्यायची. तो उन्हात धरून बघायचा आणि म्हणायचा, "हा बघ, जिवंत आहे." पुस्तकात दुहेरी रेघ मारलेला मुद्दा होता : पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कच्चं असताना सजीव असतं आणि आतड्यांना हितकारक असतं. शिजवलं की ते निर्जीव होतं आणि मग त्याचे खडे होतात. मी तो मुद्दा वाचला होता. चुकीचा आहे हे मला कळायला हवं होतं. मामा इतका उत्साहात होता की मी पुढे विचारच केला नाही.

चार महिन्यांनी त्याचे पाय सुजले, अन्नावरची वासना गेली. किडनी नीट काम करत नसली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन ३च्या वर गेलं होतं. मधुमेहामुळे किडनी आधीच थोडी थकली होती, पण आम्हाला ते ठाऊक नव्हतं. बायॉप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर, ऑक्झलेटचे, म्हणजे त्याच ऑक्झॅलिक आम्लापासून बनणाऱ्या क्षाराचे, स्फटिक दिसले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, सकाळी उठल्यावर काय घेता?" मामाने अभिमानाने सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, आणि मी खाली.

ऑक्झॅलिक आम्लाला सजीव-निर्जीव असं काही नसतं. कच्च्या पालकात असो की शिजवलेल्या, रेणू तोच. उलट पालक उकळून पाणी टाकून दिलं की त्यातला बराचसा भाग पाण्याबरोबर जातो. एरवीच्या जेवणातून दिवसाला साधारण शे-दोनशे मिलिग्रॅम ऑक्झलेट पोटात जातं, तर नुसत्या १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते कित्येक शे मिलिग्रॅम असतं. दोन जुड्या पालक पानात वाढला तर कोणी संपवणार नाही. रस केला की तोच चार घोटांत संपतो. पचनाला जी वेळेची आणि चोथ्याची आडकाठी असते, तीच आपण काढून टाकतो.

आपल्या घरांत हे ज्ञान नव्हतं असं नाही. अळूचं फदफदं करताना आजी पानं मऊ शिजवायची आणि चिंचेचा कोळ विसरायची नाही, नाहीतर घसा खाजतो. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांची असते. कच्चं तेवढं सगळं चांगलं असतं, तर अळूने ते कधीच सिद्ध केलं असतं.

वॉकरचा दुसरा मोठा मुद्दा एन्झाइमांचा, म्हणजे विकरांचा : शिजवलं की विकरं मरतात आणि अन्न मेलेलं होतं. उष्णतेने विकरं निकामी होतात हे खरंच आहे. पण विकरं ही प्रथिनं आहेत. कच्च्या रसातली विकरं जठरात गेली की तिथलं आम्ल त्यांची घडी मोडतं आणि पेप्सिन हे जठराचं स्वतःचं विकर त्यांचे तुकडे करतं, डाळीतल्या प्रथिनांचे करतं तसेच. अन्न पचवायला लागणारी विकरं आपल्या लाळग्रंथी, जठर, स्वादुपिंड आणि आतडं रोज नव्याने बनवतात.

तरी त्या काळाचा विचार करा. जीवनसत्त्वं तेव्हा नुकतीच हाती लागत होती. क जीवनसत्त्वावरच्या कामाला नोबेल मिळालं ते १९३७ साली, वॉकरच्या पुस्तकानंतरच्या वर्षी. भाजी रटरटा उकळली की क जीवनसत्त्व जातं, ही त्याची धास्ती अगदी रास्त होती. त्याच्याही आधी, १९०४पासून, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या टेकडीवर डॉक्टर बिर्चर-बेनर आपल्या आरोग्यधामात रुग्णांना किसलेलं सफरचंद, भिजवलेले ओट आणि कच्च्या भाज्या देत होते. मांस, ब्रेड आणि साखरेवर चाललेल्या त्या ताटांत कच्ची भाजी आणणं हे मोठंच काम होतं.

आणि आपल्याकडे गांधीजी. १९२९ साली साबरमतीला त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला : मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, कच्चा भाजीपाला. पोट बिघडलं, अशक्तपणा आला, प्रयोग थांबवावा लागला. हे सगळं त्यांनी आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात लिहिलं, फसल्याचंसुद्धा. निसर्गोपचारावरचा त्यांचा विश्वास त्यामुळे गेला नाही. १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचाराचं काम त्यांनीच सुरू केलं. मला आहारातला प्रयोग असा हवा असतो, वजन घटलं तर घटलं म्हणून लिहिणारा. मामाच्या समासातल्या तारखा मी नंतर पुन्हा चाळल्या. पायांच्या सुजेची नोंद त्याने केली होती. पुढे लिहिलं होतं, "शुद्धी चालू."

ही ओळ मी विसरू शकत नाही. कारण त्या विचारपद्धतीत त्रास झाला तरी तो विष बाहेर पडत असल्याचाच पुरावा ठरतो. गाजराच्या रसाने तळवे पिवळे झाले तर वॉकरच्या मते यकृत साफ होत असतं. खरं तर ते कॅरोटीन असतं, कातडीत साठलेलं. त्याने अपाय होत नाही आणि रस कमी केला की रंग उतरतो. पण जिथे अपाय होतो, तिथेही माणूस 'शुद्धी' म्हणून थांबत नाही.

दुधीच्या रसाचं तर स्पष्टच सांगते. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात आणि कडू रस प्यायल्याने आपल्या देशात मृत्यू झालेले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती. त्यांचा सल्ला : रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. दुसऱ्या रसात मिसळू नका, कडूपणा झाकला जातो. प्यायल्यावर मळमळ, उलटी किंवा अस्वस्थ वाटलं तर थेट दवाखाना गाठा. त्यावर उतारा नाही. "औषध आहे, कडू असणारच" असं म्हणत पेला संपवू नका, हात जोडून सांगते.

किडनीचा त्रास असेल, पोटॅशियम कमी ठेवायचं असेल, रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर हिरव्या पाल्याचे रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच. बाकीच्यांनी गाजर-बीटचा लहान पेला, आठवड्यातून दोनतीनदा, जेवणाच्या जोडीला खुशाल घ्यावा. जेवणाऐवजी नाही.

मग कच्चं काय खायचं? आपल्याकडे कोशिंबीर आहे ना. गाजराचं केशरी कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. नुसत्या रसात तो नसतो. कोशिंबिरीत दाण्याचं कूट असतं, वर मोहरी-हिंगाची फोडणी असते, लिंबाने क जीवनसत्त्व वाढतं आणि चोथा आपसूक पोटात जातो.

मामाचं क्रिएटिनिन पुढे दीडवर येऊन थांबलं. पूर्ववत झालं नाही. पालक बंद झाला. वॉकरचं पुस्तक अजून त्याच्या कपाटात आहे आणि मी ते टाकू दिलेलं नाही. परवा जेवायला गेले होते, तेव्हा मी गाजरं सोलत होते आणि तो शेजारी स्टुलावर बसला होता. त्याने एक साल उचलली, उलटी करून अंगठ्याने आतली बाजू दाबून पाहिली.

"ओली आहे बघ," म्हणाला.

"आहे," मी म्हटलं, आणि किसणी त्याच्यापुढे सरकवली.